उसवण

तळमजला, जिन्याखालची खोली.
दारावर 'अभिलेख' अशी पाटी, आत माझी खुर्ची.
खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली
बंद पडलेल्या कुठल्याशा योजनेचा अहवाल.

बावीस वर्षं मी एकच वाक्य लिहितो आहे.
आधी हातानं, मग टंकून,
आता तर ते जतनच करून ठेवलंय,
नुसतं नाव आणि तारीख बदलायची:
'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.'
चांगलं वाक्य आहे. त्यात कुणी नाही.
हरवणारा नाही, शोधणारा नाही,
नुसती माहिती, आणि तिचं न आढळणं.

हमीदा बुरोंडकर मंगळवारी आली
वडाळ्याच्या मिठागराकडून.
हातात अपिलाचा आदेश: अर्जदारास फाइल दाखवावी.
गळ्यात ओढणी, ओढणीवर मापाची टेप.
ब्लाउज शिवते. टेप उतरवायची विसरली असेल,
असं मला वाटलं.

विषय: सार्वजनिक शौचालय, दुरुस्ती, दरवाजे बारा नग.
मी मोजमाप पुस्तिका तिच्यापुढे सरकवली.
बोट ठेवून वाचत गेली ती,
लांबी, रुंदी, उंची, नग,
लग्नातल्या ब्लाउजचं माप घ्यावं तशी, घाई न करता.
मग पिशवीतून वही काढली, शाळेची, दुरेघी.
तिच्यात तिचं माप होतं:
दरवाजे चार. एकाला कडी नाही.
उरलेल्या आठ चौकटींना पडदे,
तिनंच शिवलेले, सत्तावीस बाय साठ,
खालून वीतभर उघडे
कारण कापड तेवढंच होतं.

'साहेब, बारा दरवाजे इथं लागतात.
तिथं आम्ही आत बसून खोकतो,
कुणी आहे हे कळावं म्हणून.'

मी साहेब नाही, म्हणालो.
पहिला तास फुकट, पुढं पैसे पडतील, हेही म्हणालो.
पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून
तिनं त्यांच्यावर आपली कात्री ठेवली.

तीसनंतर बत्तीस.
मला ठाऊक होतं.
पण पानांचे आकडे कोण बघतं,
आणि आमचे आकडे पेन्सिलीचे.
तिनंही आकडा बघितला नाही.
टॅगच्या दोऱ्यापाशी बोट फिरवलं,
भोकात अडकलेला कपटा, तांदळाच्या कणीएवढा,
नखानं उचलून उजेडात धरला.
'इथं उसवलंय,' म्हणाली.
आवाज चढवला नाही.
'दोरा काढला ना, तरी भोकं राहतात.'

संध्याकाळी उत्तराचा मसुदा घेतला.
जतन केलेलं वाक्य समोर येऊन उभं राहिलं, आज्ञाधारक.
साहेब साइटवर गेले होते.
शिपाई जयवंत खिडक्या लावत होता, एकेक, उगाच आवाज करत.
मी 'आढळून येत नाही' खोडलं.
लिहिलं: 'पृष्ठ क्रमांक ३१ फाडलेले आढळले.'

बघत बसलो त्याच्याकडे.
केवढी सोयीची आहे माझी मराठी:
फाडलेले. कुणी, ते सांगावं लागत नाही.
एवढ्या आडोशामागं बसून
सहीसाठी कागद पुढं ठेवला.
वीतभर उघडाच होता आडोसा,
हे मला घरी, हात धुताना कळलं.

सही कशी झाली, साहेबांनी वाचलं की नाही,
मी विचारलं नाही. पत्र गेलं.

बारा दिवसांनी तिचा नवा अर्ज.
दहा रुपयांचा स्टॅम्प, चिकटवताना जरा तिरका झालेला.
दुरेघी कागद.
'कोणती माहिती हवी' या रकान्यात
एकच शब्द:
'कुणी?'

आवक क्रमांक टाकायचा होता.
कानावरची पेन्सिल काढली,
परत ठेवली.
जयवंतकडं पेन मागितलं.