ग्राहक क्रमांक दोनशे चौदा

पंपघराची किल्ली माझ्याकडे, म्हणून लोक मला
लग्नाचं आमंत्रण आधी देतात
आणि एप्रिलात शिव्याही आधी घालतात.
नळपाणी योजना, मौजे कारवणे. जोडण्या दोनशे तेरा.
नदीच्या पात्रात विहीर, सड्यावर टाकी,
मध्ये साडेबारा हॉर्सपॉवर आणि मी.

नदी कागदावर बारमाही.
जुलैत पायरीवरच्या चपला वाहून जातात,
पण जांभा काही धरून ठेवत नाही,
सकाळी सड्यावर पडलेलं संध्याकाळी खाडीत.
शिमगा सरता सरता कोंडीतले दगड
रेड्यांसारखे पाठी काढतात.
तरी मी ओढतो. ओढतच राहतो.
मग एका भरतीला खाडी उलटी चढते, विहिरीत शिरते,
आणि जनाबाई पड्यार खिडकीशी येऊन म्हणते,
"बाबल्या, चाय खारट झाली रे."

शमशुद्दीन सोलकर एकोणीस वर्षं ओमानात होता.
गुडघे तिकडंच ठेवून आलो, असं तोच सांगतो.
पंपघराच्या पायरीवर बसून एकदा म्हणाला,
"तिथं कोरड्या नदीला काय म्हणतात ठाऊक? वाडी."
मी हसलो. इथं वाडी म्हणजे आपण,
घाडीवाडी, बौद्धवाडी, वरची गुरववाडी.
तो हसला नाही.
"तिथं पाणी घड्याळानं वाटतात. अर्ध्या तासाचा वाटा,
बापाकडून लेकाला येतो, जमिनीसारखा.
एक माणूस सावली बघत बसतो, मग पाट फिरवतो.
वर्षाचा पाऊस? तुझ्या एका पागोळीचा."

त्यानंतर आम्ही रात्री अकराला निघायचो
घरोघरचे नळ ऐकायला.
दोनदा चोर समजून बॅटरी मारली लोकांनी.
परशा घाडीच्या टाकीचा कॉक तीन वर्षं गळत होता,
खाली अळू माजलेलं,
ते सुकेल म्हणून त्याची बायको दुरुस्ती करू देईना.
मग मोरीचं पाणी अळवाकडं वळवून दिलं, तेव्हा कुठं.
वॉशर आठ रुपयांना एक.
शमशुद्दीनच्या बहिणीनं, रुकय्यानं,
बचत गटाच्या पैशातून दीडशे आणवले.

मार्चमध्ये टाकी चाळीस मिनिटं आधी भरली.
मी घड्याळ हलवून पाहिलं.

पण वाचलं म्हणजे नदीला मिळालं, असं नसतं.
चौथ्या दिवशी सरपंच आले, त्यांच्या मागून
समुद्राकडच्या होम-स्टेचा मालक,
पोहण्याच्या तलावाचा नकाशा गुंडाळून.
"शिल्लक आहे म्हणे?"
शिल्लक. जणू वाण्याकडं राहिलेली मोड.

त्या रात्री मी जोडण्यांचं रजिस्टर उघडलं.
दोनशे तेराच्या खाली एक ओळ मोकळी होती.
ग्राहकाचं नाव: नदी.
पत्ता लिहिताना थांबलो. मग लिहिलं, पंपघराखाली.
रोजचा वाटा: चाळीस मिनिटं, पंप बंद.
थकबाकीच्या रकान्यात
तिच्याकडं आमची लिहायची
की आमच्याकडं तिची, कळेना.
रकाना कोरा ठेवला.

ग्रामसभेत गोंधळ. "नदी पाणीपट्टी भरते काय?"
रुकय्या उभी राहिली, डोक्यावरची ओढणी सारखी केली,
"भरत्येय की. चौऱ्याऐंशी सालापासून, आगाऊ."
हशा झाला. त्या हशात ठराव पास झाला,
निदान नापास तरी झाला नाही.

आता मे लागलाय.
नदी वाहते असं म्हणणार नाही, खोटं कशाला.
पण कोंडीच्या खालच्या दोन दगडांमधून
करंगळीएवढी धार जाते
खाडीला सांगायला, की इथं अजून कुणी राहतं.
जनाबाईची चाय गोड आहे,
तक्रार नाही म्हणून ती खिडकीशी येतही नाही.

दहा वाजून पाच. पंप बंद केलाय.
फोन वाजतोय, होम-स्टेवाल्याचा.
पंपघराची सावली पायरीवरून अजून उतरली नाही.
मी ती बघत बसलोय.