छाट

चिक्कोडीच्या पुढं, शाळेच्या व्हरांड्यात
पहाटे तीनला कुणीतरी बॅटरी पेटवतं.
तेवीस बायका, अकरा बाप्ये, एक कंबी,
सामानाचा एक टेंपो
आणि त्यात गंगव्वाच्या नातवाची सायकल,
का आणलीय कुणास ठाऊक.
हौदापाशी रांग. पाणी गार.
फुटलेल्या फोडांवर पहिला तांब्या पडला की
सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघतो,
तो मराठीही नसतो, कन्नडही नसतो.

पहिला तास कुणी बोलत नाही.
ऊस तुटून गेलेली रानं, जळल्या पाचटाचा वास,
समोरून रिकामा ट्रॅक्टर, गाणं लावून.
श्रीशैल अजून किती, हे इराप्पा रोज सांगतो,
आणि रोजचा आकडा कालच्यापेक्षा मोठा असतो.

दुसऱ्या तासाला रत्नव्वा विचारतेच,
"तुझा नवस काय गं, शेवंता?"
तिचा गुडघा आहे. इराप्पाची बोअर कोरडी गेली.
कस्तुरीचा जावई दारू सोडायचाय.
मी म्हणते, सांगितला तर फळत नाही.

रात्री झोपेत माझी बोटं वळत राहतात.
सकाळी रत्नव्वा पदर दाखवते:
"हे बघ, कोपरा गुंडाळून गाठ मारलीस,
आणखी जरा निजले असते
तर मला कट्ट्यात बांधलं असतंस."

रायबागेत एका दारात घंगाळं मांडलेलं,
गरम पाणी, मीठ, हळद.
"बरी अव्वा, कूडरी," म्हणत तिनं हाताला धरून बसवलं.
माझं कन्नड बाजारापुरतं:
भाव, वजन, सुटे पैसे.
ती माझे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत होती
आणि माझ्याकडं या कामाचा एकही शब्द नव्हता.
निघताना तिनं कडक भाकऱ्या दिल्या, कारळाची चटणी.
मी नुसतं "बरं" म्हटलं. तिला ते "या" असं ऐकू आलं असेल.
ती हसली, आणि खरंच चार पावलं आली.

कुडचीच्या पुलावर सगळ्यांनी नाणी टाकली.
खाली म्हशी बसलेल्या, पाणी त्यांच्या पाठीएवढंच.
माझं नाणं मी मुठीतच ठेवलं.

अथणीत उजव्या चपलेचा अंगठा तुटला.
यमनाप्पा समगारानं चप्पल पाहिली नाही, पाय पाहिले.
वर्तमानपत्रावर उभं केलं, पेन्सिलीनं कडा काढली,
मग दुसऱ्या पायाची.
दोन्ही कागद उजेडाला धरून म्हणाला,
"डावा वाकलाय, बोटभर बाहेर.
मांडी घालून, याच्यावर बसून काय करता?"

बिड्या, म्हटलं. अठ्ठावीस वर्षं.
सूप मांडीवर, डावा पाय खाली,
दिवसाला हजार, आणि संध्याकाळी कारखान्यात
तपासणारा चिमटीनं उचलून बाजूला टाकतो:
ही बारीक, ही ढिली, ही छाट.
छाटीचे पैसे नाहीत.

आणि मग त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं
जे रत्नव्वाला सांगितलं नव्हतं:
नवस नाही काही.
वीस-बावीस दिवस कुणी मोजणार नाही म्हणून आलेय.
पडलं पाऊल, ते पडलं. त्यात छाट नाही.

तो काही बोलला नाही. डाव्या चपलेचा पट्टा
बोटभर सैल करून दिला. पैसे घेईना.
गाठोड्याच्या तळाशी माझा एक कट्टा होता,
छाटीतला, मोडून टाकायच्या आत लपवलेला.
तो दिला.
त्यानं एक पेटवली, सावकाश ओढली,
परत बोटांत फिरवून पाहिली.
"ह्यात वाईट काय आहे?"

उद्या तेलसंग. पहाटे तीनला उठायचं.
नवा पट्टा थोडा वाजतो.