दुसरा मजला, अक्कलकोट रोड

इरण्णा हत्तरकी फोनवर म्हणाला,
"मॅडम, घेऊन टाका की ओ.
साडेअकरा लाखात पुण्यात पार्किंगबी येत नाही."
मी टाम्पेरेत. दुपारचे तीन, बाहेर अंधार.
टेबलावर लाल पासपोर्ट, कोरा,
ड्रॉवरमध्ये कोपरा कापलेला निळा.

माझ्यासारखीला शेत घेता येत नाही, घर येतं,
असा कायदा आहे.
उगवणारं काही नको,
भाड्यानं देता येईल ते चालेल.

घेतलं.
मुखत्यारपत्रावर शिक्का हवा म्हणून
दोन तास रेल्वेनं हेलसिंकी, दोन तास परत.
फोटोत एक खोली, किचन, पिस्ता रंगाची भिंत.
फोटोत न आलेलं:
पाण्याचा पाचवा दिवस.

भाडेकरू नरसव्वा येमूल.
विड्या वळते. नवरा टॉवेलच्या मागावर, रात्रपाळी.
चार हजार, पाच तारखेच्या आत.
कधी सहा.

मग सीए म्हणाला,
मालक परदेशी असेल तर कर भाडेकरूनंच कापायचा,
सरकारकडे भरायचा, फॉर्म द्यायचा.
मी नरसव्वाला सांगून पाहिलं.
"कसला कर ओ? पाणीपट्टी?"
हो म्हटलं. पाणीपट्टीच.
ती मीच भरते.

वर्षाला चार टक्क्यांच्या जरा वर,
गळती, रंग, इरण्णाचं कमिशन वजा जाता तीन.
महिन्याचं भाडं म्हणजे टाम्पेरेत
मोटार उभी करायची चौकट,
हिवाळ्यात इंजिन गरम ठेवायचा खुंटा वेगळा.
तरी पाच तारखेला मोबाइल वाजला
की मला बरं वाटतं,
सोलापुरात कुणीतरी माझं नाव काढलं असं.

मे महिन्यात गेले.
जिन्यात चप्पलांचे तळवे भाजत होते.
दार वाजवलं. "कोण पाहिजे?"
काय सांगणार?
"इरण्णानं पाठवलंय," म्हटलं.

आत तंबाखूचा वास, घशात बसणारा.
ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं,
मांडीवर सूप, आणि बोटं बोलताना थांबत नव्हती.
मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, फॅन माझ्याकडे वळवला.
मी ओळख सांगितली तशी
ती आधी भिंतीकडे बघायला लागली.
"खिळा मारला एक. विचारलं नव्हतं."
खिळ्यावर मार्कंडेय महामुनी, फुलाचा हार, वाळलेला.

मी म्हटलं, असू दे.
हे म्हटलं नाही
की टाम्पेरेच्या घरात मलाही खिळा मारायची परवानगी नाही,
करारात कलम आहे.
आईचा फोटो चिकटपट्टीवर आहे
आणि थंडीत दोनदा पडलाय.

निघताना कडक भाकऱ्या, शेंगाचटणी,
वर्तमानपत्रात बांधून.
"तिकडं मिळत नसंल."
चटणीचं तेल करारनाम्याच्या प्रतीवर उतरलं,
बरोबर "घरमालक" या शब्दापर्यंत नाही,
थोडं अलीकडे.

विमानात हिशेब मांडला.
हजार विड्यांची मजुरी तिनं सांगितली होती.
एक भाडं म्हणजे सोळा-सतरा हजार विड्या.
एक्सेलमध्ये रकाना वाढवला,
मथळा काय द्यावा सुचेना, कोराच ठेवला.

गेल्या आठवड्यात दोन निरोप आले.
एक इथल्या घरकंपनीचा, फिनिशमध्ये, फार सभ्य:
एक मार्चपासून आपले भाडे वाढत आहे.
दुसरा इरण्णाचा:
"अकरा महिने संपले मॅडम. दहा टक्के वाढवू का?
बिल्डिंगमध्ये सगळे वाढवलेत."

कंपनीला मी लगेच उत्तर दिलं: मान्य.
इरण्णाला दोन निळ्या खुणा दिसत असणार.

आज नरसव्वाचा आवाज आला, सतरा सेकंद.
"पाणी सोडलं बघा, पहाटे तीनला. वरपर्यंत चढतंय आता,
तुमची मोटर झकास चालतीय."
मागे घागर भरत होती.
आवाज जाडा, मग बारीक, मग काठाशी आल्यावर होतो तसा.

दहा टक्के म्हणजे चारशे.
चारशे म्हणजे सोळाशे,
थोड्या जास्तच, सोळाशे सत्तर विड्या.
मी पुन्हा लावला तो आवाज.