पाणवठा क्रमांक नऊ

बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणी मोजतात.
मुजावर गार्डनी आमच्या नावावर नऊ नंबरचं मचाण लावलं,
काही न बोलता. मला वाटतं, मुद्दामच.
शिडी चढताना आबा थांबले.
"नऊ कुठलं? ही आमच्या भावकीची कुंडी."

चांदोलीच्या रानात आता गावं नाहीत, आकडे आहेत.
वेल्होळी म्हणजे नकाशात एक निळा ठिपका.
मी जन्मले खाली, हातकणंगल्याकडच्या वसाहतीत,
नजर जाईल तिथवर ऊस आणि नळाला मचूळ पाणी.
डोंगर मला आबांच्या चालण्यातनं माहीत:
सपाट डांबरी रस्त्यावरही ते
चढ असल्यासारखे पुढं वाकून चालतात.

सहा वाजता मुजावरनी पेन्सिल दिली, तक्ता दिला.
प्राणी. नर. मादी. पिल्लू. वेळ.
"बोलायचं नाही, बिडी नाही, अत्तर नाही."
आबा हसले, "अत्तर!"

ऊन उतरलं तसा सड्यावरचा कातळ
तव्यासारखा हळूहळू निवत गेला.
पिकल्या जांभळांचा आंबूस वास वर आला.
धनेशाची जोडी डोक्यावरनं गेली,
आधी पंखांचा आवाज,
कुणी सूप पाखडत यावं तसा.
पलीकडे धारेवर गडाचा बुरूज.
तिथल्या शिबंदीला दूध जायचं आमच्याच दारातनं,
कुठल्या राजवटीत, ते आबांना ठाऊक नाही.
राजवटी बदलल्या, दूध जात राहिलं,
मग गड ओस पडला, मग धरण आलं,
मग वाघाचं नाव आलं, मग ट्रक आले.
बोटांच्या पेरांवर त्यांनी एवढा इतिहास मोजला
आणि बरीच पेरं उरली.

अंधार झाल्यावर कुजबुजत गाव दाखवलं.
तो फणस म्हणजे परसू.
ते दोन आंबे, एक आत्याच्या लग्नातला,
एक तिच्या दिवसांतला.
करवंदीची जाळी आहे तिथं खळं.
उंबराच्या सावलीत काजवे सगळे एकदम पेटले,
सगळे एकदम विझले,
आणि तेवढ्या लखलखाटात मला खरंच
जोत्यांची ओळ दिसली, दगडाला दगड लागून.
पुन्हा पेटले तेव्हा नव्हती.

साडेअकराला गवे आले.
आवाज नाही. अंधाराचाच एक तुकडा सुटून चालू लागला,
पायांत पांढरे मोजे.
एक, चार, नऊ. मागनं दोन पिल्लं, तांबूस.
पाणी प्यायले, पण गेले नाहीत.
कुंडीपासून वळून सरळ आमच्या गोठ्यात शिरले
(म्हणजे गोठा होता त्या जागेत)
आणि जमीन चाटायला लागले.
खरबरीत जिभांचा तो आवाज,
कुणी दगडावर कोयता घासावा, सावकाश, रात्रभर.

मी तक्ता पाहिला. चाटण्याला रकाना नव्हता.

"मूत," आबा माझ्या कानाशी म्हणाले.
"आपल्या गुरांचं. ढवळी, मोरी, त्यो मारका पाडा,
खापरपणज्यापास्नं बांधत आलोय हितं.
मुरलंय. माती खारट झालीया.
आपलं मीठ खात्यात हे."
मग बराच वेळ काही नाही.
पिल्लानं फणसाला अंग घासलं, वरनं पानं पडली.
"आता मिठाला जागायचं कुणी? त्यांनी का आपण?"
मला उत्तर सुचलं नाही.
जागलो मात्र आम्हीच.

उजाडताना धुकं वारणेवरनं चढून आलं,
खाली जलाशय असेल असंही वाटेना,
नुसते डोंगरांचे माथे, अंतराअंतरावर,
माणसं गळ्याइतक्या पाण्यात उभी असल्यासारखे.
शिडीवरनं उतरून आबा गव्यांच्या खुरांत बसले.
बोटाला माती लावली, जिभेवर ठेवली.
कणगीत हात घालून सांगावं तसं म्हणाले,
"धा-बारा वर्सं पुरंल अजून."

जीप आली. मुजावरनी तक्ता घेतला, वरनं खाली वाचला.
वाघ दिसला का, त्यांनी विचारलं.
नाही, मी म्हटलं.
आबा तोंड न धुताच गाडीत बसले.