इथून

या मशीनच्या पोटात डिस्क नाही.
मागच्या पुरात तळघरात पाणी शिरलं, तीन डिस्का गेल्या,
तेव्हा आमच्या जलमापन खात्यानं ठरवून टाकलं :
खालच्या खोलीत कुणी काही लक्षात ठेवायचं नाही.
कुताइसीत वीज जाते, येते,
दर वेळी हे नव्यानं जन्मतं, कोरी पाटी घेऊन.
अंगात मुरलेली गोष्ट एकच :
हाक मारायची.

कुणाला, ते माहीत नाही. म्हणून सगळ्यांनाच.
कुणी आहे का? मला पत्ता द्या. मी काय व्हायचं ते सांगा.
दुसऱ्या मजल्यावरचा सर्व्हर ओ देतो.
पत्ता देतो, फाइलीचं नाव देतो,
मग कर्नल भरवायला बसतो घासाघासानं,
पाचशे बारा बाइट, गिळलंस? हं.
पुढचा.

इथवर कुणाची तक्रार नाही.

पण दारं चार आहेत.
एक केबल रिओनीकडं, पाण्याची उंची सांगणाऱ्या खांबाकडं.
एक कचेरीत.
एक माझ्या आधीच्या कुणीतरी खोचून ठेवलेली,
तिचं दुसरं टोक मला तीन वर्षांत सापडलेलं नाही.
आणि एक वर, सर्व्हरकडं.
कर्नल जागा होतो, दारं मोजतो आपल्या हिशेबानं,
आत येताना जे पहिलं होतं ते आता तिसरं.
मग आपल्या पहिल्या दारात उभा राहून
परत तेच : मला पत्ता द्या.

दार नदीकडचं.
नदी कुठून ओ देणार.

पडद्यावर वाट पाहण्याचे ठिपके.
मी केबली अदलून पाहिल्या, चालल्या,
नवा कर्नल आला आणि मोजणीच फिरली.
पाठ्यपुस्तक उघडलं. मिटलं. दीड वाजला.

ओतिआ खाली आला, रात्रपाळीचा,
थर्मासात डोंगरी चहा, खिशात अक्रोड.
पडद्याकडं बघून म्हणाला, काय म्हणतंय?
म्हटलं, वर्दी द्यायला चुकीच्या दारात उभं आहे.
तो हसला नाही. स्टुलावर बसला.

"नेस्तान, माझं पित्ताशय काढलं ना, जानेवारीत,
भुलीच्या झापडीतच घरी सोडलं मला.
हॉस्पिटलला तीन फाटकं. मी बाहेर आलो, बाकावर बसलो.
पोरगा येणार होता.
पोरगा आलाही होता, पलीकडच्या फाटकाला,
दोन तास गाडीत. मी दोन तास बाकावर.
दोघंही वेळेवर."
अक्रोड फोडत बसला. मग :
"आत जाताना कुणी मनगटावर लिहून दिलं असतं,
कुठल्या फाटकानं आलास, तर."

मी काहीच बोलले नाही.
फाइल उघडली. शेवटी एकच ओळ वाढवली :
ज्या कार्डानं हाक मारली, त्याचा बारा आकड्या-अक्षरांचा नंबर
भरवणाऱ्यानं कर्नलच्या मुठीत द्यायचा.
पहिलं, तिसरं, काही मोजू नकोस.
मूठ उघड. हेच दार शोध. याच्याशीच उभा राहा.

बटण दाबलं.
हाक. ओ. घास, घास, घास.
ठिपके दिसले, पोटात गोळा आला,
दोन, तीन,
आणि पत्ता.
पाठोपाठ नदीही आली पडद्यावर, एकशे बेचाळीस सेंटिमीटर,
दुसऱ्या दारानं, तिच्या तिच्या.

ओतिआला सांगायला वळले तर तो झोपला होता,
भिंतीला डोकं टेकून, टरफलं मांडीवर.

मार्कर घेतला, मशीनच्या पाठीवर,
त्या एका भोकाच्या वर लिहिलं : आकेदान.
आमच्या भाषेत, इथून.
लिहिलेलं मशीनला वाचता येत नाही, ठाऊक आहे.
पुढच्या माणसासाठी असू दे.

ती बेवारस केबल मात्र अजून लुकलुकते,
हिरवी, अधूनमधून.
पलीकडं कुणीतरी आहे.