तीनची फेरी

तार्तू शहर. बाहेर उणे एकोणीस.
चाचण्या रात्री तीनला सुटतात
आणि बाराव्या आभासी यंत्रावर
'जतन करा' हे बटण सापडत नाही.
दिवसा सापडतं. हेल्यू समोर बसली
की हमखास.

म्हणून आज ती घरी गेलीच नाही.
खिडकी उघडी ठेवून (पडद्यावरची, भिंतीतली नव्हे)
बघत बसली: बाण आपोआप सरकतो,
कुणाचंही बोट नसताना
अर्ज भरला जातो, खोट्या नावाचा, खऱ्या घाईने.

पहारेकरी वेल्लो डोकावला.
काय चाललंय?
बघतेय नुसती. बघितलं की चालतं.
तो म्हणाला, मला त्याचाच पगार मिळतो.

पहाटे उलगडलं: ती जोडणी तोडून निघायची,
की तिकडे पडदा रंगवलाच जात नसे.
यंत्र अंधारात चाचपडायचं
आणि अहवालात लिहायचं, बटण नाही.
एक ओळ बदलली. आता कुणी नसलं
तरी त्याला वाटतं, समोर कुणीतरी आहे.
चारशे बारा, सगळ्या हिरव्या.

वेल्लोला हे कुणी सांगितलं नाही.
तो अजून तीनच्या फेरीला
तिच्या रिकाम्या खुर्चीमागे थांबतो,
टोपी काढतो,
काळ्या पडद्याकडे
नीट बघून घेतो.