सोबत पत्नी

उत्पलाचा फोन येतो लाइपझिगहून, रात्री साडेआठला.
कूलरच्या टाकीला टेकवून ठेवला तरच रेंज राहते.
बाबा, लवकर सांगा, म्हणते, पास काढू की सुटी तिकिटं?
तिकिटं आत्ता स्वस्त आहेत, नंतर वाढतात.

मला विचारते!
एकतीस वर्षं मी त्या खिडकीत बसलो
जिथे आता गुणवंताच्या शेळ्या बसतात.
छोटी लाइन होती, यवतमाळच्या ह्या टोकाला,
रूळसुद्धा उचलून नेले.
पुठ्ठ्याचं तिकीट, तारखेचं मशीन, खट्.
झोपेत अजून हात खट् करतो म्हणे.

तर मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ घेतली आणि मांडलं:
लाइपझिग ते प्राग, प्राग ते व्हिएन्ना,
तिथून कुठंतरी डोंगरात, डोंगरातून परत.
प्रवास चार, माणसं दोन.
पास सात दिवसांचा, महिन्यातले कोणतेही सात,
म्हणजे तीन दिवस वायाच.
वर काही गाड्यांत जागेचे पैसे निराळे:
ताटाचे घेतले, आता पाटाचे द्या.
सुटी तिकिटं आधी काढली तर जवळपास निम्म्यात.
फक्त गाडी तीच, वेळ तीच, चुकली की गेली.
आपण कुठं चुकवतो गाडी, मी म्हणालो,
आणि बेरजेखाली दोन रेघा ओढल्या,
संध्याकाळी गल्ला मिळवून ओढायचो तशा.

शशिकला तूर पाखडत होती.
"मधातच उतरावंसं वाटलं तं?"
"मधात कायले उतरतं?"
"असंच. एखांदं टेसन बरं दिसलं तं."

मग पासच घे आई, तिकडून उत्पला,
कुठंही उतर, मागची गाडी पकड.

"अन् पासावर लिवतेत काय?"
"नाव. पासपोर्टचा नंबर."
"कोनाचं नाव?"
"तुझं. शशिकला खोब्रागडे."

सूप थांबलं.
तुरीचा एक दाणा घरंगळत माझ्या चपलेपाशी आला.

रेल्वेचा फुकट पास आम्हाला दरवर्षी मिळायचा.
त्यावर माझं नाव, माझा हुद्दा,
आणि पुढं, माझ्याच अक्षरात भरलेलं: सोबत पत्नी.
ती कोण, कुठल्या टीसीनं कधी विचारलं नाही.
एकदा सांचीपर्यंतचा काढला होता.
नेमका त्या आठवड्यात बदली माणूस आला नाही.
सहाची गाडी गेल्यावर तिनं बांधलेल्या दशम्या
आम्ही आमच्याच प्लॅटफॉर्मवर बसून खाल्ल्या.
उत्पला तेव्हा मांडीवर होती. लोणचं सांडलं होतं तिच्या झबल्यावर.
पासची मुदत संपली, मी तो फाइलला लावला.
मला वाटायचं, तो दिवस चांगला गेला होता.

बेरीज चुकलेली नाही. तीनदा तपासली.
तरी उत्पलाला सांगितलं:
आईला पास काढ. मला तिकिटं.
ती हसली, बाबा, असं कोणी करत नाही.
नियम आहे का तसा, मी विचारलं. नव्हता.
शशिकलानं तो दाणा शोधून सुपात टाकला
आणि म्हणाली, दोघायले एकच डबा पाहजो, पोरी.

आता गच्चीवर पडल्या पडल्या
मला एक लहानसं स्टेशन दिसतं,
पाटीवरचं नाव वाचता येत नाही.
एक बाक, घड्याळ, खिडकीखाली कुंड्या.
ती पिशवी उचलते. येता का, असं काही विचारत नाही,
पदर खोचून उतरते,
बाकाची धूळ हातानं झटकते, बसते.

शिट्टी होते.
माझं तिकीट ह्याच गाडीचं.